फाटकावरची यादी

दिल्लीत मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की पहिल्या तीन प्रश्नांत बरंचसं ठरून जातं. आडनाव काय, मूळ गाव कोणतं, आणि त्या गावातल्या अमक्यांचे तुम्ही कोण. चौथ्या प्रश्नापर्यंत एखादी मावसबहीण निघते. विश्वनाथकाकांनी मला यातलं काहीच विचारलं नाही. मी पहिल्यांदा त्यांच्या नोएडाच्या घरी गेले तेव्हा त्यांनी विचारलं ते एवढंच, की नव्या मेट्रोनं आलीस का, आणि चहात साखर किती.

दारावरच्या पाटीवरही दोनच शब्द होते. विश्वनाथ, प्रभा.

मी गेले होते ती प्रभाकाकूंकडे. काकांच्या परदेशी बदल्यांची वर्षं सोडली तर त्या पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवत होत्या. दिल्लीत वाढलेल्या मुलांच्या तोंडून कोणकोणते मराठी शब्द गळून गेले, याची एक जाड वही त्यांनी ठेवली होती. कानस, उतरंड, फडताळ, वळचण. एम.ए.च्या प्रबंधासाठी मला ती वही उतरवून घ्यायची होती, म्हणून २०१९च्या मार्च-एप्रिलमध्ये मी दर गुरुवारी त्यांच्याकडे जाऊन बसे.

काका आतल्या खोलीत गेल्यावर काकूंनी ती उणीव भरून काढली. "हे नाही विचारायचे. मी विचारते. आडनाव?" मी सांगितलं. गाव सांगितलं. तीन मिनिटांत त्यांना माझ्या आजोळची एक चुलत आत्या सापडली आणि त्या समाधानानं वही आणायला उठल्या.

काका तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. परराष्ट्र मंत्रालयात कारकून म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. काठमांडू, वॉर्सा, नैरोबी, आणि मधली सगळी वर्षं दिल्ली. उंची बेताची, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. बोलताना ते वाक्य पूर्ण झाल्याशिवाय थांबत नसत आणि पूर्ण झाल्यावर पुढचं सुरू करत नसत.

त्या महिन्यात त्यांच्या सोसायटीत एक प्रश्न निघाला होता. नोएडाचं मतदान अकरा एप्रिलला होतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज काहीतरी येई, वस्त्यांमध्ये बाहेरची माणसं शिरली आहेत, कोण कुठून आलंय याचा पत्ता नाही, सावध राहा. अध्यक्ष त्यागीजी यांनी मीटिंगमध्ये सुचवलं की सोसायटीत काम करणाऱ्या सगळ्या बायकांची, ड्रायव्हरांची, गाड्या पुसणाऱ्यांची यादी फाटकावर लावावी. पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मूळ गाव, कोणत्या फ्लॅटमध्ये काम. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. यादी तयारच होती. पोलीस चौकीत द्यायचे पडताळणीचे फॉर्म कमिटीवर असलेल्या काकांनीच दोन वर्षं बसून भरून घेतले होते, आणि त्रेचाळीस जणांच्या त्या फॉर्मांची एकेक प्रत एका निळ्या फाइलीत त्यांच्या कपाटात होती.

काकांनी नाही म्हणून सांगितलं. कारण दिलं नाही.

त्यागीजी एका गुरुवारी स्वतः वर आले. माणूस वाईट नव्हता. येताना शेतावरचा गूळ घेऊन आला होता. हसत म्हणाला, "विश्वनाथजी, आप तो सरकारी आदमी हैं. फ़ाइल तैयार है, बस टाँगनी है. इसमें सोचना क्या?"

काका म्हणाले, "टाँगनी ही तो नहीं है."

मग गुळाचा चहा झाला, नव्या मेट्रोबद्दल बोलणं झालं. जिना उतरता उतरता त्यागीजी म्हणाले की रविवारच्या मीटिंगमध्ये फाइल मागितली जाईल आणि कमिटीचा ठराव झाला तर द्यावी लागेल. काका म्हणाले, बिल्कुल. दार लावून ते आपल्या खोलीत गेले. काकूंनी वही मिटली आणि मला नैरोबीची गोष्ट सांगितली. मधूनमधून काका बाहेर येऊन तारीख दुरुस्त करून जात. बाकी कशात त्यांनी दुरुस्ती केली नाही.

सुरुवात मात्र नैरोबीच्या पुष्कळ आधीची होती. काकांचे वडील अठ्ठेचाळीस साली नोकरी शोधत दिल्लीला आले. खिशात एक पत्ता होता, त्या पत्त्यावर माणूस नव्हता. स्टेशनबाहेर एका अनोळखी गृहस्थानं टोपीवरून त्यांचं मराठीपण ओळखून आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि गाव आपल्या बहिणीच्या सासरचं निघाल्यावर त्यांना पहाडगंजात आपल्या खोलीवर नेलं. ते तिथे सात महिने राहिले. "आडनावानं आपल्याला दिल्लीत छप्पर दिलं," असं ते मुलांना सांगत. काकांच्या घरी माणूस पाणी प्यायच्या आधी त्याचं आडनाव आणि गाव विचारलं जाई, आणि त्यात चौकशी नव्हती, स्वागत होतं. पुढे मंत्रालयातही प्रत्येक फॉर्मला तेच तीन रकाने भेटले. नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव. एखाद्याचं नुसतं नाव लिहून ठेवणं काकांना अर्धवट वाटे. उपाशी पाठवल्यासारखं, असं काकू म्हणाल्या.

नैरोबीला ते २००६ साली गेले. वकिलातीतली माणसं शहरभर विखुरलेली होती. काका-काकू पार्कलँड्स भागात एका खासगी आवारात भाड्यानं राहत. आठ फ्लॅट, बहुतेक गुजराती आणि पंजाबी कुटुंबं, मध्ये हिरवळ, बाहेर उंच भिंत आणि लोखंडी फाटक. फाटकावर कामाऊ नावाचा पहारेकरी. घरात कामाला रोझमेरी. रोझमेरी चाळिशीची होती, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीत खोली घेऊन राहायची. काकूंकडून ती पोळ्या शिकली, आणि काकूंना तिनं मक्याच्या पिठाचा उगाली शिकवला. रोज दहा वाजता ती एक मग चहा करून खाली कामाऊला नेऊन देई. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

२००७च्या डिसेंबरात त्या देशाची निवडणूक होती. सत्तावीस तारीख, गुरुवार. दोन बाजू जवळजवळ बरोबरीनं तोलल्या होत्या आणि कोणत्या बाजूला कोणती जमात, हे सर्वांना माहीत होतं. कामाऊ किकुयू, रोझमेरी लुओ, म्हणजे समोरासमोरच्या बाजूंची. पण हे काकांना तेव्हा पाठ्यपुस्तकातल्यासारखं माहीत होतं. रोज चहाचा मग देणारी आणि घेणारा यांच्यामध्ये त्याचं काही असेल, असं त्यांच्या मनात आलं नाही.

मतदानाच्या आधी आवारातल्या लोकांना काळजी वाटू लागली. ओळखीच्याच माणसांना आत सोडावं असं ठरलं, आणि यादी करायचं काम अर्थातच काकांकडे आलं. त्यांनी ते आवडीनं केलं. संध्याकाळी हिरवळीवर खुर्ची टाकून अकराही नोकरांना एकेक करून बोलावलं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, जिल्हा. रोझमेरी म्हणाली, रोझमेरी लिहा, सगळे मला ओळखतात. काका हसले आणि म्हणाले की असं कसं, पूर्ण सांग. तिनं सांगितलं. रोझमेरी अकिनी ओदुओर, आणि पश्चिमेकडच्या सरोवराजवळचं तिचं गाव. काकांनी स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं. यादी टाइप केली, ऑफिसजवळच्या दुकानातून लॅमिनेट करून आणली आणि कामाऊच्या खोपटाच्या बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याखाली, पावसानं भिजणार नाही अशी लावली.

दुसऱ्या दिवशी रोझमेरी त्या यादीपुढे बराच वेळ उभी होती. वर आल्यावर म्हणाली, "साहेब, तुम्ही माझं गावही लिहिलंत."

"सगळ्यांचं लिहिलंय," काका म्हणाले. ती खूश झाली असं त्यांना वाटलं. काकूंनाही तसंच वाटलं. हे सांगताना काकू माझ्याकडे बघत नव्हत्या, वहीच्या कोपऱ्याला आलेली वळी सरळ करत होत्या.

निकाल यायला तीन दिवस लागले. रविवारी अंधार पडता पडता तो जाहीर झाला, तासाभरात शपथविधीही झाला. टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बंद झालं आणि गच्चीवरून शहराच्या दोन-तीन बाजूंना धूर दिसू लागला. पुढच्या दिवसांत तिथे जमाती-जमातींत जे झालं ते वर्तमानपत्रांत आलेलं आहे. काका वकिलातीत जात आणि दिवसभर फोनवर आपल्या लोकांची नावं लिहून घेत, कोण कुठे अडकलंय, कुणाकडे पाणी आहे, कुणाकडे नाही. आपल्या लोकांना फारशी झळ लागली नव्हती. त्याबद्दल घरी येऊन ते समाधानानं सांगत.

रोझमेरी पाच दिवस आली नाही. सहाव्या दिवशी सकाळी चालत आली, कारण बस नव्हती. खोलीला कुलूप लावून आलेय, एवढंच म्हणाली आणि कणीक भिजवायला बसली.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास आठ-दहा पोरं फाटकाशी आली. काका त्या शनिवारी घरी होते. काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी वरून पाहिलं. आरडाओरडा नव्हता. चष्मा लावलेला एक जण भिंतीपुढे उभा राहून यादी मोठ्यानं वाचत होता, वर्गात हजेरी घेतात तशी. नाव, वडिलांचं नाव, गाव. दोन नावांपाशी तो थांबला आणि खिशातून काहीतरी काढून त्यानं प्लास्टिकवर ओढलं. चौथा क्रमांक आणि सातवा. चौथी रोझमेरी, सातवा माळी.

त्यांनी कामाऊला विचारलं, हे दोघं कुठे आहेत.

कामाऊ त्यांच्याच जमातीचा होता. यादीत सर्वांत वर त्याचं नाव होतं आणि त्याचं गावही. तो म्हणाला, नाताळला गेले ते आलेच नाहीत.

पोरं म्हणाली की पुन्हा येऊ. आणि गेली.

रोझमेरी आत पोळ्या लाटत होती.

काका खाली गेले. यादीवर खिळ्यानं ओढलेले दोन सरळ ओरखडे होते. त्यांनी ती भिंतीवरून ओढून काढली आणि फाडायला गेले, पण लॅमिनेट केलेला कागद फाटत नाही. त्यांनी दोन्ही हातांनी पिळून पाहिली. शेवटी वर आणून स्वयंपाकघरातल्या कात्रीनं तिचे तुकडे केले. कात्री रोझमेरीनं काढून दिली. तिला काय कापलं जातंय ते दिसत होतं.

कामाऊला काकांनी विचारलं होतं, तू का नाही सांगितलंस. कामाऊला प्रश्न विचित्र वाटला असावा. तो म्हणाला, ती मला चहा देते.

माळी त्याच दुपारी आपल्या कुणा नातलगाकडे निघून गेला. रोझमेरी काकांच्या घरात मागच्या खोलीत राहिली. पोरं पुन्हा आली नाहीत, पण येतील हे धरूनच दिवस काढले गेले. खिडकीचा पडदा ओढलेला असे. दहा वाजता चहाचा मग आता काकू खाली नेत. रोझमेरीच्या वस्तीतून निरोप आला की तिच्या खोलीचं कुलूप तोडलंय, आत काही उरलेलं नाही. ती दिवसभर काम करत राही. भांडी घासून झाली की पुन्हा घासायला काढी. संक्रांत त्याच दिवसांत आली. तीळ तिनं भाजून दिले. काकूंनी वड्या केल्या, तिच्या हातावर एक ठेवली, आणि वडी देताना जे म्हणायचं असतं ते म्हटलं नाही. का नाही म्हटलं, हे त्यांना अजून सांगता येत नव्हतं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका चर्चनं पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी बसची सोय केली. एका पोलीस ठाण्याच्या आवारातून बस सुटणार होत्या, पुढे-मागे पोलिसांची गाडी. काकांनी तिला वकिलातीच्या नंबरप्लेटच्या गाडीतून नेलं. दिवसाउजेडी, सरळ मुख्य रस्त्यानं. रोझमेरी मागे बसली होती, मांडीवर काकूंची एक जुनी व्हीआयपी बॅग. ठाण्यापाशी टेबल टाकून एक जण बसमध्ये चढणाऱ्यांची नावं लिहीत होता. गाडीतून उतरायच्या आधी ती म्हणाली, "साहेब, मी म्हटलं होतं. नुसतं रोझमेरी लिहिलं असतं तरी चाललं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता, असं काका म्हणतात. गोष्टीतलं एवढंच वाक्य त्यांनी स्वतः मला सांगितलं. काकू तेव्हा गाडीत नव्हत्या.

फेब्रुवारीच्या अखेरीस दोन्ही बाजूंचा समझोता झाला. शहर पूर्वीसारखं दिसू लागलं. रोझमेरी परत आली नाही. तिचा फोन बंद होता. काकांकडे तिचा पत्ता होता. वडिलांचं नाव, गाव, जिल्हा, सगळं त्यांनी दोनदा विचारून घेतलेलं. वर्षभर त्यांनी त्या पत्त्यावर पत्र लिहिलं नाही. नैरोबी सोडायच्या आधी लिहिलं, सोबत दिल्लीचा पत्ता दिला. उत्तर आलं नाही. तिकडे टपाल फार गहाळ होतं, असं काकू म्हणाल्या. काका तेव्हा दारात उभे होते. त्यांनी ते दुरुस्तही केलं नाही आणि मान्यही केलं नाही. दिल्लीला आल्यावर पाटी करायला टाकली तेव्हा त्यांनी कारागिराला दोनच नावं लिहून दिली.

"चांगली माणसं भेटली की अजून जिभेवर येतं यांच्या," काकू म्हणाल्या. "गिळतात. मला कळतं ना. सासरे असते तर म्हणाले असते, विश्वनाथ, पाहुण्याला काही विचारशील की नाही?"

शनिवारी सकाळी, मीटिंगच्या आदल्या दिवशी, काका निळी फाइल घेऊन खाली गेले. फाटकाशी गार्डच्या खुर्चीवर बसले. सातपासून कामाच्या बायका येऊ लागतात. प्रत्येकीला थांबवून तिचा फॉर्म ते तिच्या हातात देत होते. चौकीत दिलेला कागद चौकीत आहे, तो कायद्याचा. ही प्रत सोसायटीची होती, ती तुमची तुम्ही ठेवा. बायकांना आधी वाटलं की कामावरून काढलं. त्यातल्या दोघी रडायला लागल्या, त्यांना समजवायला गार्डला यावं लागलं. अडतीस वर्षं फाइली भरत आलेल्या माणसानं पहिल्यांदा एक फाइल रिकामी केली, आणि ती धड रिकामीही होईना. ड्रायव्हर उशिरा येतात, गाड्या पुसणारे भल्या पहाटेच येऊन जातात, त्यामुळे रविवारी पुन्हा बसावं लागलं.

काकूंच्या घरी काम करणारी मुन्नी शनिवारीच वर आली, कागद हातात धरून. मुन्नी सहा वर्षं त्यांच्याकडे होती. सोसायटीत तिला सगळे मुन्नीच म्हणत, ग्रुपवर सुटीचा निरोप येई तोही मुन्नीच्या नावानं.

"बाबूजी, इसको फाड़ दें क्या?" तिनं विचारलं.

"तुम्हारा है," काका म्हणाले. "फाड़ो, रखो, जो मन करे."

तिनं थोडा विचार केला. मग त्याची चार घड्यांची घडी केली आणि मोबाइलच्या कव्हरमध्ये मागच्या बाजूला सरकवली. काम संपवून गेली.

मीटिंगमध्ये फाइल मागितली गेली. काकांनी ती टेबलावर ठेवली. त्यागीजींनी उघडली आणि आत काही नाही हे पाहून पुन्हा मिटली. बरंच बोलणं झालं. विलायतेत राहून माणसं बिघडतात, असं कुणीतरी म्हणालं, आणि आफ्रिकेला कोणी विलायत म्हणतं का, यावर दुसऱ्यानं थट्टा केली. काकांना कमिटीतून मोकळं करण्यात आलं. नवी माहिती गोळा करायचं काम ए विंगमधल्या एका तरुण इंजिनियरकडे दिलं गेलं.

अकरा तारखेला काका-काकू मतदानाला गेले. शाळेतलं केंद्र, पंख्याखाली रांग. आत अधिकाऱ्यानं नियमाप्रमाणे काकांचं नाव सर्वांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बाजूच्या बाकावर पक्षांचे तीन एजंट बसले होते. त्यांनी आपापल्या यादीत पट्टी सरकवून त्या नावावर रेघ ओढली. काका रेघा पूर्ण होईपर्यंत उभे राहिले. अधिकाऱ्यानं दोनदा हात मागितला तेव्हा त्यांनी बोट पुढे केलं. काकूंनी मला हे पुढच्या गुरुवारी सांगितलं, वहीतल्या "ओरखडा" या शब्दावर आम्ही होतो तेव्हा. हा शब्द मुलांना येतो, असं म्हणून त्यांनी तो खोडून टाकला.

इंजिनियरच्यानं त्रेचाळीस फॉर्म गोळा होईनात. कोण कधी येतं, कोण कुणाची कोण, हे त्याला समजेना. निवडणूक झाली, निकाल लागला, फटाके वाजले, ग्रुपवरची भाषा थोडी निवळली. जूनमध्ये फाटकावर एक बोर्ड लागला. फोनमधल्या अ‍ॅपवरून जे निघालं ते छापलेलं होतं: एक छोटा फोटो, हाक मारायचं नाव आणि फ्लॅट नंबर.

काका भाजी घेऊन येत होते. पिशवी खाली ठेवून त्यांनी बोर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एकोणिसावी ओळ होती, मुन्नी, चारशे दोन. त्यांनी खिशातून पेन काढलं होतं, निळं, ते परत खिशात ठेवलं. वर येऊन काकूंना म्हणाले की भेंडी कोवळी मिळाली आज.

मुन्नीचं पूर्ण नाव त्यांना माहीत आहे. गावही. मी एकदा विचारलं होतं, काकूंचे काही मराठी शब्द मुन्नीच्याही तोंडी बसले होते आणि प्रबंधात कुणाकडून काय ऐकलं याची नोंद लागते म्हणून. ते म्हणाले, तिलाच विचार, ती सांगेल तेवढं लिही. मुन्नी तेव्हा पोछा मारत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, मुन्नी लिख दो.